जसे पाहतो, तसे बोलतो



या तिमाहीचा अभ्यासपाठ एका फोटोपासून सुरू करते. फोटो मी काढला होता आणि चूकही माझीच होती.

एटापल्ली तालुक्यातील एका गावी आम्ही आरोग्य शिबिरासाठी गेलो होतो. पाच-सहा वर्षांची एक मुलगी आजीचे बोट धरून आली. शिबिराला जायचे म्हणून आजीने तिला नवा निळा फ्रॉक घातला होता, केसांना तेल लावून रिबन बांधली होती. मी तिचा फोटो घेतला. दुपारी तीच मुलगी जुना, बगलेत उसवलेला झगा घालून अंगणातल्या मातीत खेळत होती. मी तोही फोटो घेतला. पत्रिकेसाठी एक निवडायची वेळ आली तेव्हा फारसा विचार न करता दुसरा निवडला आणि खाली ओळ लिहिली, ‘मदतीच्या प्रतीक्षेत’.

पुढच्या फेरीला अंकाच्या काही प्रती सोबत नेल्या होत्या. आजीने पान हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि माडियात काहीतरी विचारले. अहेरीला कॉलेजात शिकणारा गावचाच एक मुलगा आमच्यासाठी दुभाष्याचे काम करत असे. तो घुटमळला. मग खाली बघत म्हणाला, “ताई, आजी विचारते, नवा फ्रॉक तुम्हाला दिसला नाही का?”

फ्रॉक मला दिसला होता. पण ‘आदिवासी मूल’ म्हणून मनात एक चित्र आधीच तयार होते, आणि त्या चित्रात निळ्या फ्रॉकला जागा नव्हती. मी जे पाहिले ते छापले नाही. जे पाहायला निघाले होते ते छापले. आपण माणसाला कसे पाहतो आणि मग त्याच्याशी, त्याच्याविषयी कसे बोलतो, याचा अभ्यास मला त्या दिवसापासून करावा लागला. तोच आज तुमच्यापुढे ठेवते.

मराठीत ‘ग्रह करून घेणे’ असा एक चांगला वाक्प्रचार आहे. ग्रह होतो असे आपण म्हणतो, पण करूनही घेतो. डोळे समोरचा थोडासा भाग टिपतात. उरलेला भाग मन आपल्या जुन्या साठ्यातून भरते. हे भरणे इतक्या झटकन होते की भरलेले कोणते आणि पाहिलेले कोणते, हे आपले आपल्यालाच कळत नाही. मग तोंडातून जे शब्द निघतात ते त्या पूर्ण झालेल्या चित्राला उद्देशून असतात. समोरचा माणूस बाजूलाच राहतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. शिलो येथे ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाने तिला मद्यपी ठरवले आणि तसे तिला बोलूनही दाखवले. एलीच्या डोळ्यांनी काही चूक केली नव्हती, हे लक्षात घ्या. ओठ खरोखरच हलत होते आणि आवाज खरोखरच येत नव्हता. सणाचे दिवस, खाणेपिणे झालेले. असे लोक त्याने आधी पाहिलेही असतील. चूक झाली ती पाहणे आणि बोलणे यांच्या मधल्या पावलावर. त्याने विचारले नाही. पण हन्नाने उत्तर दिले तेव्हा या वृद्ध याजकाने ते ऐकून घेतले आणि लगेच आपले शब्द बदलले, हेही विसरू नये. माझ्या मते त्या अध्यायातला आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. ग्रह होणे कोणालाच टळत नाही. तो किती लवकर सोडता येतो, हा प्रश्न आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहू. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत कामाला लागले. त्यांची ‘सर्च’ ही संस्था आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आदिवासी माणूस दवाखान्यात येत नाही, ही तेव्हा सगळ्यांचीच तक्रार होती. सरकारी कर्मचारी, शहरातले डॉक्टर आणि खरे सांगायचे तर आपणही याचे कारण एका शब्दात देत होतो : अज्ञान. एकदा कारण अज्ञान ठरले की पुढचे बोलणे कसे असणार हेही ठरून जाते. समजावणे, धाक घालणे, रागावणे, भिंतीवर चित्रे लावणे. सगळे एकाच दिशेने.

बंग दांपत्याने लोकांनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? जी उत्तरे आली ती डॉ. बंग यांनी पुढे अनेक व्याख्यानांत सांगितली आहेत. मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. तिथले लोक आमची भाषा बोलत नाहीत. आजारी माणसाला आत घेतात आणि नातलगांना बाहेर काढतात. तिथे आमचा देव नाही. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढऱ्या कपड्यात मढे गुंडाळतो, तर असे कपडे घातलेला माणूस जीव कसा वाचवणार?

हे शेवटचे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा थोडे हसू आले होते. नंतर वाटले, आपणही प्रेताला पांढरेच कापड घालतो. आपल्या मनात कफन आणि डॉक्टरचा कोट यांचे कप्पे वेगळे झाले आहेत, कारण लहानपणापासून पांढऱ्या कोटातल्या माणसाने आपल्याला बरे केले आहे. ज्याने दवाखाना एकदाच पाहिला, आणि तोही घरचे माणूस मरताना पाहिला, त्याच्याकडे हा दुसरा कप्पा येणार कुठून? त्याचा ग्रह त्याच्या अनुभवातून आला होता, आपला आपल्या. दोघांपैकी अडाणी कोणीच नव्हते.

त्या उत्तरांवरून धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममधला दवाखाना आकाराला आला. मोठ्या इमारतीऐवजी गोंड गावासारखी छोटी घरे, नातलगांना रुग्णाजवळ राहायची सोय, आणि नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’, लोकांच्या देवीवरून. आपल्यापैकी काहींना हे नाव खटकेल, हे मी जाणते. त्यावर वेगळी चर्चा होऊ शकते. आज मुद्दा एवढाच आहे की प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले. ‘हे लोक का येत नाहीत’ हा प्रश्न डॉक्टर आपसांत विचारत होते तोवर त्याला अज्ञान हेच उत्तर मिळत होते. तोच प्रश्न लोकांना विचारला गेला आणि पाच-सहा नेमकी, दुरुस्त करता येण्यासारखी कारणे हाती आली.

याच दांपत्याने आपल्या सुरुवातीच्या काळातली आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. त्यांनी या भागातील सिकलसेल आजारावर संशोधन केले. वैद्यकीय दृष्टीने ते मोलाचे होते, पण लोकांना त्यात रस वाटला नाही. तो डॉक्टरांच्या कुतूहलाचा आजार होता. लोक तेव्हा वेगळ्या दुखण्यांनी हैराण होते. इतके शिकलेले, इतके कळकळीचे लोकही असे चुकू शकतात, याने मला जरा धीर येतो.

निरक्षर बाईला मोजता येत नाही, हा असाच एक ग्रह. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जोरात चालतो. मिनिटाला किती श्वास, हे मोजले की निदान जवळपास होते. पण गावातल्या दाईला बारापर्यंतच मोजता येत असे. ‘मग हे काम तिचे नाही’ असे म्हणून विषय संपला असता. सर्चने त्याऐवजी मण्यांचे एक साधन तयार केले. एका बाजूला एका मिनिटाची वाळू, दुसऱ्या बाजूला तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला न्यूमोनिया आहे. तिला काय येत नाही याऐवजी तिला काय येते याकडे कोणीतरी पाहिले, आणि तिच्याशी बोलण्याची भाषा मण्यांची झाली. मला हे साधन फार आवडते. शिबिरात मी ते तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम दाखवते.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. आजूबाजूच्या लोकांच्या अंगावर जेमतेम कपडे, म्हणून डॉ. प्रकाश यांनीही शर्ट-पॅन्ट सोडून बनियन आणि अर्धी चड्डी हा वेश पत्करला. ते बनियन पांढरेच असते, बरे का! म्हणजे प्रश्न नुसता रंगाचा नसावा. पांढऱ्या कपड्यातला माणूस शेजारी येऊन बसतो का आणि आपल्या भाषेत बोलतो का, यावर बरेच ठरत असावे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर शाळेकडे वळू, कारण आपल्यातील पुष्कळ जण आश्रमशाळांना भेटी देतात. गोंडी आणि तिची बहीण शोभणारी माडिया या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. तेलुगूशी त्यांचे नाते, मराठीशी नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाख ८४ हजारांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदवली. तरीही आपण सहज ‘बोली’ म्हणतो, जणू ती मराठीचीच कोणी अशुद्ध भाची आहे. घरी माडिया बोलणारे मूल पहिलीत येते आणि पहिल्याच दिवशी सगळे मराठीत सुरू होते. ते गप्प बसते. शिक्षकाला वाटते मठ्ठ आहे. मग शिक्षक त्याला कमी प्रश्न विचारतो, सोपे विचारतो, नंतर विचारतच नाही. मूल आणखी गप्प होते आणि शिक्षकाचा ग्रह पक्का होतो. यात शिक्षक दुष्ट असावा लागत नाही. मी ओळखते ते बहुतेक शिक्षक मनाने चांगलेच आहेत.

आपल्या मुलांच्या इंग्रजी शाळेत पालकसभेला गेल्यावर आपण मागच्या बाकावर कसे बसतो, ते आठवून पाहा. तिथे आपल्यालाही कोणीतरी मठ्ठ समजत असेल.

धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. त्या शाळेसमोरच्या कायदेशीर अडचणी वेगळ्या. पण मुलांना जे येते तिथून सुरुवात करावी, हे त्या गावाने न सांगता ओळखले.

नावांचेही तसेच. ‘गोंड’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. ते लोक स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणवतात. सरकारी कागदात माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातील तीन जमाती ‘आदिम’ गटात नोंदल्या होत्या. २००६ मध्ये केंद्राने ‘आदिम’ शब्द काढून ‘विशेष असुरक्षित’ असे म्हणायला सुरुवात केली. कागदावरचा शब्द बदलून वीस वर्षे होत आली, पण आपल्या प्रार्थनेच्या विनंत्यांत ‘मागासलेले’, ‘रानटी अवस्थेतले’ हे शब्द मी अजून वाचते. ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्यांना ती विनंती वाचून दाखवता येईल का, अशी एक कसोटी मी आता लावते. आमच्या दुभाष्या मुलाला मराठी उत्तम वाचता येते, हे एकदा ध्यानात आले की लेखणी आपोआप जपून चालते.

एका शब्दाने माणसाची जागा कशी ठरते याचे सर्वांत ठळक उदाहरण बांबूचे आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘वृक्ष’ या शब्दात बांबूही धरला. झाड म्हटले की तोडणारा गुन्हेगार, आणि वनरक्षकाचे त्याच्याशी बोलणे गुन्हेगाराशी बोलावे तसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घेतला. म्हणजे तो गोळा करणे आणि विकणे हा गावाचा हक्क झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूवरून ओढाताण चालूच राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोच माणूस, तोच खांद्यावरचा बांबू. कालपर्यंत ती चोरी होती, आता तो माल झाला.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. बाहेरून गेलेल्या माणसाला ती बसकी सभा कंटाळवाणी वाटते. ‘हे लोक ठरवतच नाहीत’ असा त्याचा ग्रह होतो. मंडळीच्या वार्षिक सभेत हात वर करून अर्ध्या तासात ठराव मंजूर करणारे आपण, पुढची दोन वर्षे बाहेर पायरीवर उभे राहून त्याच ठरावावर कुरकुरत असतो. कोणते लवकर झाले म्हणायचे?

मोहाच्या फुलाविषयी थोडक्यात सांगते. आपण ‘मोह’ ऐकतो आणि आपल्याला दारू दिसते. फुले वेचणाऱ्या बाईला त्यात उन्हाळ्यातले अन्न आणि हाती येणारा पैसा दिसतो. दारूचे दुःख या जिल्ह्यात खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली ती इथल्याच लोकांनी, त्यातही बायांनी, मागणी लावून धरल्यामुळे. ‘दारूत बुडालेला समाज’ असे आपल्या अहवालात लिहिताना त्या बायांना आपण कुठे ठेवतो? एली याजकाची आठवण इथे पुन्हा होते.

आतापर्यंत आपण त्यांना कसे पाहतो तेच बोलले. ते आपल्याला कसे पाहतात, याचाही विचार हवा. आपण स्वतःला सेवक समजतो. पण गावात काय येते? चारचाकी गाडी. त्या गावाने चारचाकीतून उतरलेले कोण कोण पाहिले आहेत? वन खात्याचे साहेब, तेंदूपानाचे ठेकेदार, पोलीस, निवडणुकीतले पुढारी. १९८० च्या सुमारास नक्षलवादी या जंगलात आले. त्यानंतर रात्री पायी येणाऱ्यांचीही भीती. कोणाला काय सांगितले याचा जाब कधी, कोणाकडून विचारला जाईल याचा नेम नसलेल्या लोकांना ‘माहीत नाही’ आणि ‘हो’ ही दोनच उत्तरे सुरक्षित वाटली, तर त्यात नवल काय?

शिबिरात गोळ्या देताना आम्ही विचारायचो, “समजलं का?” सगळे मान हलवून ‘हो’ म्हणायचे. एका बाईने पाच दिवसांच्या गोळ्या एका रात्रीत घेतल्या. लवकर बरे वाटावे म्हणून. सुदैवाने फार त्रास झाला नाही. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, “हो म्हणाली होती की!” ती ‘हो’ म्हणाली होती ते साहेबाला. गोळ्यांविषयी तिला कोणी काही विचारलेच नव्हते. आता आम्ही विचारतो, “घरी गेल्यावर मालकांना कसं सांगाल, कधी कधी घ्यायच्या?” ती सांगते, आम्ही ऐकतो. वेळ जास्त लागतो. दिवसाला साठ रुग्ण व्हायचे तिथे पस्तीस होतात, आणि अहवालात आकडा कमी दिसतो. तो कमी आकडा देणगीदार म्हणून तुम्ही कसा पाहाल, हाही या पाठातलाच प्रश्न आहे.

अभ्यासगटात हा पाठ घेणार असाल तर एक करा. या पत्रिकेचे जुने अंक काढा. कोणताही एक फोटो मध्ये ठेवा आणि प्रत्येकाने कागदाच्या डाव्या बाजूला फक्त डोळ्यांना दिसते ते लिहावे : पायात चप्पल नाही, मागे कुडाची भिंत, हातात डबा. उजव्या बाजूला मनात आले ते. मग उजव्या बाजूची प्रत्येक गोष्ट डावीकडे कशावरून आली, हे एकमेकांना विचारावे. आमच्या गटात एका काकांनी उजवीकडे ‘उपाशी’ असे लिहिले होते. डावीकडे त्याला आधार सापडेना. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “डबा रिकामा आहे असं मीच ठरवलं.” अंक निवडताना ते ‘मदतीच्या प्रतीक्षेत’ असलेले पान टाळू नये, अशी माझी विनंती आहे.

त्या आजीकडे मी गेल्या डिसेंबरात पुन्हा गेले. धानाची कापणी झाली होती. मी म्हटले, नवा फोटो काढू, आणि कुठे काढायचा ते तुम्हीच सांगा. आजीने आम्हाला खळ्यावर नेले. धानाच्या राशीसमोर ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि नातीला शेजारी ओढले. नात आता जवळजवळ तिच्या खांद्याला लागली आहे. दुभाषा मुलाने खाली काय लिहायचे ते विचारले. आजीने जराही वेळ न लावता सांगितले आणि त्याने मराठी केले : “लिहा, ही हिची आजी आहे. यंदा पाच खंडी धान झाला.”

तो फोटो या अंकात नाही. आजीने होकार दिला आहे, पण मुलगी शाळेच्या वसतिगृहात परत गेल्यावर माझ्या लक्षात आले की तिला कोणी विचारलेच नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी येईल, तेव्हा विचारीन.